न झालेली उलटी

माझ्या धाकट्या दिरांना आमच्या गल्लीत सगळे कप्तान म्हणतात. जहाजावर त्यांनी आयुष्यभर काय केलं, तर दुसऱ्यांचे पलंग आवरले. पण सुट्टीवर आले की पांढरा शर्ट, चाकांची बॅग आणि उन्हाने रापलेलं नाक, एवढ्यावर गल्लीने त्यांना बढती देऊन टाकली. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने एकदा विचारलं, "काय कप्तान, जहाज कुठं लावलं?" भाऊजी म्हणाले, "तुझ्या दुकानामागं. शर्टांना इस्त्री झाली की काढतो." तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलंच. आता ते जहाज सुटलंय, पण नाव काही सुटत नाही, आणि त्यांना ते ऐकवत नाही.

त्यांचं जहाज लहान होतं. 'लहान' हा शब्द ते अभिमानाने उच्चारायचे. मोठी जहाजं म्हणजे तरंगता बाजार, जेवायला रांग, पोहायला रांग. यांच्याकडे पाहुणे शंभराच्या आसपास आणि त्यांची उस्तवार करणारी माणसंही जवळपास तेवढीच. मोठ्या जहाजाला जिथे तोंडही घालता येत नाही अशा खाडीत जाऊन हे नांगर टाकायचं, मागची फळी पाण्याच्या पातळीला उघडायची, आणि पाहुणे घराची पायरी उतरावी तसे रबरी बोटीत उतरायचे. "म्हणजे किती श्रीमंत असतात हो हे लोक?" असं मी एकदा विचारलं होतं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, किंमत विचारायचं विसरलेत इतके."

सफर सुरू व्हायच्या आधी खालच्या मजल्यावर, नोकरांच्या जेवणघरात, येणाऱ्या पाहुण्यांचे फोटो भिंतीवर लावत. ते सगळ्यांनी पाठ करायचे. पहिल्याच दिवशी, जिन्यात भेटलेल्या माणसाला त्याच्या नावाने नमस्कार करायचा. कोणाला दोन उशा लागतात, कोणाला पडदा बोटभर उघडा लागतो, कोणाला फुलांच्या वासाने शिंका येतात, हे सगळं डोक्यात. आणि एक नियम सगळ्यांच्या वर: पाहुण्याला 'नाही' म्हणायचं नाही. "बघतो" म्हणायचं, "लगेच व्यवस्था करतो" म्हणायचं, "याहून छान काही सुचवू का" म्हणायचं. ही सवय त्यांच्या इतकी अंगात मुरली की घरीही सुटेना. सासूबाई दर सुट्टीत विचारायच्या, "लग्न करणार आहेस की नाही?" भाऊजी म्हणायचे, "बघतो, आई." बघता बघता पन्नाशी उलटली आणि विचारणारी आईही राहिली नाही.

त्यामुळे त्यांचं जे काय लेकरू होतं ते आमची ठकी. माझी मुलगी. ठकी हे नावही त्यांनीच ठेवलेलं. लहानपणी ती त्यांच्या बॅगेत बसून "मला घेऊन चल" म्हणायची. मोठी झाल्यावर हॉटेलचा अभ्यासक्रम केला आणि पुन्हा तेच म्हणाली, फक्त या वेळी बॅगेबाहेर उभी राहून.

मी घाबरट आई आहे. मुलगी दूध आणायला गेली तरी गॅलरीत उभी राहणारी. घरात महिनाभर रडारड, अबोला, सगळं झालं. शेवटी भाऊजी माझ्यासमोर बसले. मी मटार सोलत होते. त्यांनी माझ्या हातातलं ताट ओढून घेतलं आणि स्वतः सोलायला लागले.

"वहिनी, तिला माझ्या जोडीला घेतो. एका भागात दोघं मिळून काम करतात. खोलीत जायचं ते दोघांनी. ती एक बाजूने चादर ओढणार, मी दुसऱ्या बाजूने. चोवीस तास डोळ्यासमोर राहील."

"शब्द द्या."

"दिला."

"बघतो म्हणू नका हं."

हसले. "नाही म्हणत."

ठकी गेली. पहिल्या दोन सफरी इतक्या सुरळीत गेल्या की माझीच मला लाज वाटायला लागली. फोनवर दोघं एकमेकांच्या चहाड्या करायचे. "आई, काका झोपेत घोरत नाही, भोंगा वाजवतो, आमच्या खोलीपर्यंत ऐकू येतं." मागून भाऊजींचा आवाज, "वहिनी, तुमच्या लेकीला उशीची खोळ सरळ कळत नाही अजून. कसली पदवी दिली हो हिला?"

तिसऱ्या सफरीत आजोबा आले.

पाहुण्यांना नोकरमंडळी आपापसात नावं ठेवतात. एक लिंबूबाई होत्या, एक पंखेवाले होते. आजोबा म्हणजे सत्तरीच्या पुढचे एक विधुर. वर्षानुवर्षं येणारे, वर्षातून तीन-चार सफरी करणारे. अशा पाहुण्यांवरच ही जहाजं चालतात. कप्तान, म्हणजे खरा कप्तान, त्यांच्या टेबलावर जेवायला बसायचा. आजोबा सगळ्या नोकरांची चौकशी करायचे, कोणाला किती मुलं, कोणाची आई आजारी. भाऊजींनाही ते आवडायचे. नंतर मला सांगताना ते पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणत राहिले, "चांगला माणूस होता, वहिनी. इतकी वर्षं माझ्याशी चांगलाच वागला."

संध्याकाळी पाहुणे जेवायला गेले की खोल्यांत शिरायचं, पडदे ओढायचे, चादरीचा एक कोपरा दुमडायचा, पलंगाशी सपाता आणि पाणी ठेवायचं, असं एक काम असतं. दुसऱ्या की तिसऱ्या संध्याकाळी आजोबा जेवायला गेलेच नाहीत. खोलीतच थांबले. भाऊजी आणि ठकी काम करून बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी मॅडमनी, म्हणजे खोल्यांच्या कामावरच्या मुख्य बाईंनी, भाऊजींना बोलावलं.

"उद्यापासून त्यांच्या खोलीत फक्त मुलीला पाठव."

"आम्ही जोडीने जातो, मॅडम."

"त्यांची इच्छा आहे. दोघं आलं की त्यांना गर्दी वाटते."

भाऊजी म्हणाले, बघतो. म्हणजे हो.

आजोबा ठकीला बसवून घ्यायचे. नातींचे फोटो दाखवायचे. एकदा गळ्यात घालायचा रेशमी रुमाल दिला. ठकी म्हणाली, "बिचारे एकटे आहेत रे काका. नुसतं बोलायचं असतं त्यांना." भाऊजी बाहेरच्या बोळात टॉवेलांच्या घड्या पुन्हा पुन्हा घालत उभे राहायचे. दार बंद असायचं. ते मॅडमकडे पुन्हा गेले.

"जोडी परत लावा ना, मॅडम. ती नवीन आहे, चुका होतात."

"त्यांची काही तक्रार नाही."

"माझी आहे."

मॅडम हसल्या. "तुझी पुतणी आहे म्हणून तू असं करतोयस. गेल्या वर्षी ती दुसरी मुलगी होती, तिने कधी काही म्हटलं का?"

भाऊजी म्हणतात की त्या वाक्याने त्यांना ती दुसरी मुलगी आठवली. तीही त्याच खोलीला होती. सफरीच्या शेवटाकडे आजोबांनी खोलीतल्या सज्जात खाजगी जेवण मांडायला सांगितलं होतं. अशी सोय या जहाजांवर असते. पाहुण्याने सांगायचं, की टेबल, मेणबत्त्या आणि वाढायला एक माणूस खोलीत जातो. वाढायला ती मुलगी होती. टेबल भाऊजींनी स्वतः लावलं होतं, काटे-चमचे पुसून. सकाळी तिचे डोळे सुजलेले दिसले. म्हणाली, आई आजारी आहे, घरी जाते. पुढच्या बंदरावर ती मुदत संपायच्या आत उतरली. तिची बॅग भाऊजींनीच खाली नेऊन दिली होती आणि वर सांगितलं होतं, "आईला माझा नमस्कार सांग."

आणि आता मॅडम तेच सांगत होत्या. उद्या संध्याकाळी आजोबांना खोलीत जेवण हवं आहे. वाढायला ठकी. परवा सकाळी तिला सुट्टी दिली आहे, उशिरा उठली तरी चालेल.

भाऊजींनी ठकीला कपड्यांच्या खोलीत गाठलं.

"उद्या तू जाऊ नकोस."

"काय सांगू? नाही म्हणू? तूच शिकवलंस ना, तो शब्द तोंडात आणायचा नाही म्हणून."

"डोकं दुखतंय म्हण."

"आणि कायम व्हायच्या वेळी माझ्या नावापुढे डोकेदुखी लिहितील. काका, मी काही कुकुलं बाळ नाही. ते माझ्या आजोबांच्या वयाचे आहेत. तू आईसारखं करायला लागलास."

त्यांनी तिला त्या दुसऱ्या मुलीचं सांगितलं. ठकी म्हणाली, "तिने तुला काही सांगितलं होतं?" नव्हतं सांगितलं. "मग?"

भाऊजी तिथून निघाले. कप्तानाकडे जावं, तर तो संध्याकाळी आजोबांबरोबरच पेला हातात घेऊन बसणार. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? स्वतः आजोबांच्या दारात जाऊन उभं राहावं, हेही त्यांच्या मनात आलं. पण उभं राहून म्हणायचं काय? तीस वर्षं ज्या जिभेला वळण लावलं ती ऐन वेळी वळेल असा त्यांना भरवसा वाटेना.

अशा जहाजाला वादळाचं इतकं भय नसतं जितकं पोट बिघडण्याचं असतं. एकाला उलटी झाली की त्याच जेवणघरात, त्याच जिन्याच्या कठड्याला हात लावणारे शंभर जण दोन दिवसांत आडवे. म्हणून नियम कडक. कोणाही नोकराला उलटी झाली की त्याला तिथल्या तिथे खोलीत बंद करायचं, जेवण दाराबाहेर ठेवायचं, डॉक्टरने मोकळं केल्याशिवाय बाहेर काढायचं नाही. मॅडम असो की आजोबा, या नियमापुढे कोणाचं चालत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजी डॉक्टरकडे गेले आणि म्हणाले, "माझ्या पुतणीला दोनदा उलटी झाली. कपड्यांच्या खोलीत. मीच पुसून घेतलं."

डॉक्टर खुर्चीतून उठला तो धावतच. ठकी खाली केस विंचरत होती. पांढरे अंगरखे आणि मुखपट्ट्या घातलेली दोघं दारात आली, तिच्या खोलीतल्या दुसऱ्या मुलीला बाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं. ठकी आतून ओरडत होती, "अहो, मला काही झालं नाही!" पण तसं सगळेच म्हणतात. पगार बुडू नये म्हणून आजारी माणूस असंच ओरडतो, हे डॉक्टरला ठाऊक होतं. ऐकलं नाही कोणी.

त्या संध्याकाळी ठकी त्या खोलीत गेली नाही. माझ्यासाठी सगळी गोष्ट इथेच संपायला हवी होती.

पण भाऊजींचा हिशेब चुकला. मोठ्या जहाजावर एका नोकराची उलटी म्हणजे एक बंद दार. लहान जहाजावर तसं नसतं. ठकीने ज्या ज्या खोल्यांत हात लावला होता त्या सगळ्या डॉक्टरने धुवून काढायला लावल्या. त्या खोल्यांतल्या पाहुण्यांना आत थांबायची विनंती झाली, आजोबांनाही. त्यांचं ते मेणबत्त्यांचं जेवण झाकलेल्या ताटलीत दाराबाहेर ठेवलं गेलं. इतपत ठीक होतं, इतपत ऐकताना मला हसूही आलं होतं. मात्र आजाराची खबर पुढच्या मुक्कामाला कळवावीच लागते. पुढचा मुक्काम होता एक छोटं बेट, मूठभर वस्तीचं. तिथल्या कड्यांवर वर्षातून एकदाच पक्षी अंडी घालायला येतात आणि ती सफर सगळ्यांनी त्याचसाठी घेतली होती. बेटावर एकच दवाखाना. त्यांनी कळवलं, येऊ नका.

जहाज बेटासमोर सकाळभर उभं राहिलं. पाहुणे कठड्याला रेलून दुर्बिणीतून कडे पाहत होते. रबरी बोटी फळीवर तशाच पडून. भाऊजी गरम पेयांचा ट्रे घेऊन त्यांच्यातून फिरत होते आणि प्रत्येकाला नावाने विचारत होते, आणखी एक पांघरूण आणून देऊ का?

तपासणीत ठकी ठणठणीत निघाली. कपड्यांच्या खोलीतल्या बाकीच्यांनी सांगितलं, आम्ही उलटी पाहिली नाही, वासही नव्हता. मग कप्तानाच्या खोलीत बोलावणं आलं. कप्तान, डॉक्टर, मॅडम आणि समोर उभे भाऊजी.

त्यांनी सगळं सांगितलं. खाजगी जेवण, बंद दार, ती गेल्या वर्षीची मुलगी. कप्तानाने शांतपणे ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता, असं भाऊजीच म्हणतात. त्याने ठकीला आत बोलावलं.

"त्या पाहुण्यांनी तुला कधी हात लावला?"

"नाही."

"काही वावगं बोलले?"

"नाही. नातींचे फोटो दाखवले."

"त्या संध्याकाळी तिथे जायची तुला भीती वाटत होती?"

ठकीने काकाकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाही."

खोटं काय होतं त्यात? काही घडलंच नव्हतं. घडू दिलं नव्हतं. न घडलेल्या गोष्टीची साक्ष कोण देणार?

भाऊजींना पुढच्या बंदरावर उतरवलं. खोटी रोगराई सांगून जहाज अडवलं, असा शेरा एकदा लागला की दुसरं कुठलंच जहाज दारात उभं करत नाही. आजोबांची कंपनीने माफी मागितली आणि एक सफर भेट दिली. ठकीला खालच्या धुलाईत टाकलं, वाफेत आणि ओल्या कपड्यांत. मुदत तिने तिथेच पुरी केली.

भाऊजी घरी आले ते डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखे दिसत होते. दोन-तीन दिवस. मग हळूहळू कळायला लागलं की ही सुट्टी आता संपणारी नाही. ते घरभरचे पलंग आवरायचे. चादर इतकी ताणून खोचायचे की आमचे हे चिडायचे, "अरे, पाय कुठून घालू? मी माणूस आहे की पाकिटातली चिठ्ठी?" बाकी वेळी हे त्यांना टोचून बोलायचेही. "डॉक्टरला सांगायच्या आधी जरा विचार करायचास. तिला सर्दी झाली म्हणाला असतास तर?" भाऊजी म्हणायचे, "सर्दीला कोंडत नाहीत, दादा."

ठकी आली त्या दिवशी ते दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. ती त्यांच्या बाजूने आत गेली. जेवताना मीच विषय काढला, तेव्हा ताट सरकवून म्हणाली,

"आई, मला काय म्हणतात ठाऊक आहे तिथे? उलटी. 'ए उलटी, चादरी आण.' चार महिने. आणि कशासाठी? काकाला वाटलं म्हणून."

"अगं, पण त्यांनी तुला वाचवलं."

"कशापासून? सांग ना. तुला तरी माहीत आहे का?"

भाऊजी खाली मान घालून जेवत होते. म्हणाले, "मलाही नाही माहीत, ठके. माहीत करून घ्यायचं नव्हतं."

ती उठून गेली. माझी मुलगी मला धडधाकट परत मिळाली होती आणि तिच्यादेखत मी त्या माणसाचे आभारही मानू शकत नव्हते. ती बाहेर गेली की मी त्यांच्या पुढ्यात चहा ठेवायची, जरा जास्त साखरेचा. तेही समजून प्यायचे.

मला वाटलं होतं, आता हिची जहाजाची हौस फिटली. उलट झालं. तिला ते नाव पुसायचं होतं. दुसऱ्या कंपनीच्या, तसल्याच लहान जहाजासाठी तिने अर्ज केला. मुलाखतीत विचारलं, घरातलं कोणी जहाजावर होतं का? तिने सांगितलं, कोणी नाही. काकांचं नाव काढलं असतं तर तिथेच दार बंद झालं असतं. घरी येऊन तिने हे सांगितलं, सगळ्यांसमोर, जरा उद्धटपणेच. भाऊजी म्हणाले, "बरोबर केलंस."

नंतर ते माझ्यामागे स्वयंपाकघरात आले. "वहिनी, तिला थांबवा."

"तुम्ही थांबवा."

"माझं ऐकेल का ती?"

माझंही ऐकलं नाही. ती गेली. या वेळी कोणाच्या शब्दावर नाही, कोणाच्या जोडीला नाही.

काल तिचा फोन आला, तोंड दिसतं तसला. जहाज कुठल्याशा बंदरात होतं म्हणून चित्र स्वच्छ येत होतं. नवा गणवेश, केस घट्ट बांधलेले. खूश होती. सगळ्यात वरचा मजला, मोठ्या खोल्या, तिला एकटीला दिल्यात. नव्या मुलीला एवढ्या लवकर देत नाहीत म्हणे. तिथल्या एका पाहुण्यांनी वरिष्ठांकडे जाऊन तिचं कौतुक केलं.

भाऊजी खिडकीशी बसले होते. महिनाभरात तिच्याशी बोलले नव्हते. ते उठले आणि माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "ठके, एक ऐक. खोलीत शिरलीस की चादरी-टॉवेलांची गाडी दारात आडवी लाव. म्हणजे दार लागत नाही. कोणी विचारलं तर म्हण, नियम आहे."

मला वाटलं ती फटकारेल. पण ती चिडली नाही. मऊपणे बोलली, खूप दिवसांनी.

"काका, इथे गाडी बोळात ठेवू देत नाहीत. पाहुण्यांना ती दिसलेली आवडत नाही. आम्ही सामान हातावर घेऊन जातो, आणि दार आतून लावून घ्यायचं असतं."

भाऊजी तसेच वाकून उभे राहिले. फोन माझ्या हातात होता आणि ती माझ्याकडे पाहत होती, आता मी काहीतरी बोलेन म्हणून. मी विचारलं, जेवलीस का. ती म्हणाली, हो.